दोषसिद्धी आणि नोंदवही : बावा-गार्बा प्रकरणातील निकालांची चिकित्सा

फौजदारी न्यायालयाने एखाद्या वैद्यकास दोषी ठरविल्यानंतर त्याच्या व्यवसायाच्या कौन्सिलापुढे विचार करण्यासारखे नेमके काय उरते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुष्कळांची समजूत अशी की, न्यायालयात गुन्हा शाबीत झाला, आता नोंदवहीतील नावावर काट मारण्याचे तेवढे काम राहिले. उलटपक्षी, वैद्यक व्यवसायातील काही मंडळी असेही विचारतात की, ज्या न्यायासनास रोगनिदानाचे मर्म ठाऊक नाही त्याच्या निर्णयाने आम्ही आमचे हात का बांधून घ्यावेत? वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरुद्ध आहेत. परंतु दोषसिद्धीचा अर्थ स्वयंस्पष्ट असतो, तो लावावा लागत नाही, हे गृहीतकृत्य दोन्हींत सारखेच आहे. एक पक्ष तो अर्थ जसाच्या तसा उतरवून घेतो, दुसरा तो समूळ नाकारतो. दोषसिद्धी वाचण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१७ व २०१८ या वर्षांत डॉ. हदिझा बावा-गार्बा यांच्या प्रकरणात एका न्यायाधिकरणाने व दोन न्यायालयांनी क्रमाने जे निर्णय दिले, त्यांची चिकित्सा या दृष्टीने उद्बोधक ठरते. या निकालांवर लिहिले गेले आहे पुष्कळ. पण त्यातील बहुतेक लेखन कोणाचा तरी कैवार घेण्यासाठी झालेले आहे.

प्रथम थोडे मागे जाणे अवश्य आहे. १८५८ च्या ब्रिटिश वैद्यक कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल व वैद्यकांची नोंदवही या दोन्ही गोष्टी निर्माण केल्या. त्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात नाव कमी करण्याची दोन कारणे सांगितली होती : एक, न्यायालयात झालेली दोषसिद्धी; आणि दुसरे, यथायोग्य चौकशीअंती कौन्सिलास आढळून आलेले व्यवसायविषयक निंद्य वर्तन. चौकशीचा उल्लेख दुसऱ्या कारणासंबंधी आहे, पहिल्यासंबंधी नाही. म्हणजे गुन्हा घडला की नाही, याचा शोध कौन्सिलाने पुन्हा घ्यावयाचा नाही, हे विधिमंडळाने तेव्हाच ठरवून टाकले होते. तथापि त्याच वाक्यात, कौन्सिलास योग्य वाटल्यास नाव कमी करण्याचा आदेश देता येईल, अशी विकल्पाची भाषाही आहे. गुन्ह्याचे अस्तित्व वादातीत आणि त्याचा परिणाम मात्र विवेकाधीन, अशी ही दुहेरी रचना आहे. पुढील सर्व वाद या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे उद्भवलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९४३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकालात काढलेल्या स्पॅकमन प्रकरणात हा भेद नीट उघड झाला. घटस्फोटाच्या दाव्यात एका डॉक्टराने व्यभिचार केल्याचे न्यायालयास आढळले होते. कौन्सिलाने त्या निष्कर्षावर विसंबून डॉक्टराचा नवा पुरावा ऐकून घेण्याचे नाकारले आणि नाव कमी केले. सरदारांच्या न्यायसभेने हा आदेश अवैध ठरविला. घटस्फोटाचा हुकूमनामा म्हणजे फौजदारी दोषसिद्धी नव्हे. तेथे कौन्सिलास स्वतःची चौकशी टाळता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या निकालाचा व्यत्यासही ध्यानात घ्यावयास हवा. दोषसिद्धी असेल तेव्हा ती घटना घडली हे धरूनच चालावे लागते. पण घटना धरून चालणे आणि घटनेचे मोल धरून चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि १९४३ च्या निकालास दुसऱ्या गोष्टीचा विचार करण्याचे कारणच पडले नाही.

दोषसिद्धीचे वाचन हलक्या हाताने केले तर काय होते, याचे अत्यंत भीषण उदाहरण इंग्लंडच्याच इतिहासात आहे. १९७६ मध्ये हॅरल्ड शिपमन या तरुण डॉक्टराने पेथिडीन हे अफूवर्गीय गुणाचे वेदनाशामक स्वतःच्या सेवनासाठी खोट्या औषधचिठ्ठ्या करून मिळविल्याबद्दल त्यास न्यायालयाने दोषी ठरविले व ६०० पौंड दंड केला. कौन्सिलापुढे प्रकरण गेले तेव्हा तो व्यसनाधीन आहे, उपचार घेत आहे, म्हणजे तो रुग्ण आहे, अशी सहानुभूतीची दृष्टी स्वीकारण्यात आली. इशाऱ्याचे पत्र पाठवून प्रकरण मिटविण्यात आले. नोंदणीवर कोणतेही बंधन घातले गेले नाही. पुढे तो हाइड या गावी कुटुंबवैद्य म्हणून स्थिरावला. ३१ जानेवारी २००० रोजी १५ रुग्णांच्या खुनाबद्दल त्यास दोषी ठरविण्यात आले, आणि न्यायमूर्ती जेनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. वेदनाशामक अफूवर्गीय औषध हेच त्याचे हत्यार होते.

१९७६ मध्ये कोणी खुनाचे भाकीत करावयास हवे होते, असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. आक्षेप निराळा आहे. व्यसन ही त्या दोषसिद्धीची एक बाजू होती. बनावट कागद करणे, इतरांच्या नावे औषध उचलणे आणि हे सर्व बराच काळ सहकाऱ्यांच्या नजरेस येऊ न देणे, ही तिची दुसरी बाजू होती. तिच्याकडे पाहिले असते तर निदान नियंत्रित औषधे बाळगण्यावर मर्यादा घालता आली असती. कौन्सिलाने आरोपाचे नाव वाचले, आरोपाची हकीकत वाचली नाही. स्मिथ यांच्या डिसेंबर २००४ मधील पाचव्या अहवालात कौन्सिलाच्या एकंदर कार्यपद्धतीवर जी कठोर टीका आहे, तिचा रोख असा की, ही संस्था रुग्णांपेक्षा डॉक्टरांचे हित पाहण्याकडे झुकलेली होती. या टीकेचा परिणाम खोलवर झाला. कौन्सिलाची पुढील काळातील मनोवृत्ती, विशेषतः दोषसिद्धी समोर येताच कठोर होण्याची तिची प्रवृत्ती, या आघाताशिवाय समजणार नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. १८ फेब्रुवारी २०११ रोजी लेस्टर रॉयल इन्फर्मरीच्या बालरुग्ण विभागात सहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्यास डाउन्स सिंड्रोम होता व हृदयाचा जुना विकार होता. उलट्या, जुलाब व धाप अशी लक्षणे होती. डॉ. बावा-गार्बा या तेथील प्रशिक्षणार्थी बालरोगतज्ज्ञ; दीर्घ प्रसूतिरजेवरून नुकत्याच परतलेल्या. त्यांनी जठर-आतड्यांचा दाह हे निदान केले. वस्तुतः मुलास न्यूमोनिया होऊन त्याचे पर्यवसान सेप्सिसमध्ये झाले होते. सकाळच्या रक्तपरीक्षेतील आकडे धोक्याचे होते. क्ष-किरण चित्र दुपारी तयार असूनही ते काही तास पाहिले गेले नाही आणि प्रतिजैविके उशिरा सुरू झाली. हृदयविकारासाठी तो नित्य घेत असलेले एनालाप्रिल हे औषध त्यांनी औषधपत्रकात लिहिले नाही हे खरे, पण ते देऊ नये अशी स्पष्ट सूचनाही दिली नाही, आणि संध्याकाळी ते दिले गेले. शेवटी हृदयक्रिया बंद पडल्यावर, ज्याच्या बाबतीत पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत असे ठरलेले होते अशा दुसऱ्या एका मुलाचा हा समज होऊन, त्यांनी ते प्रयत्न क्षणभर थांबविले. या अखेरच्या चुकीने मृत्यू ओढवला नाही, हे अभियोग पक्षानेही मान्य केले होते.

दुसऱ्या बाजूस त्या दिवशीच्या विभागाची अवस्थाही अभिलेखावर आहे. वरिष्ठ तज्ज्ञ दुपार उलटेपर्यंत रुग्णालयात नव्हते. संगणकयंत्रणा बिघडल्यामुळे रक्ततपासणीचे अहवाल मिळण्यास विलंब झाला. कर्मचारी कमी होते आणि एका डॉक्टरावर अनेकांचे काम येऊन पडले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये नॉटिंगहॅमच्या क्राउन कोर्टात ज्यूरीने बहुमताने त्यांना घोर निष्काळजीपणाने मनुष्यवध केल्याबद्दल दोषी ठरविले. दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली, पण ती दोन वर्षे स्थगित ठेवण्यात आली. अपिलाची परवानगी डिसेंबर २०१६ मध्ये नाकारण्यात आली. येथे फौजदारी प्रकरण संपले.

जून २०१७ मध्ये वैद्यक व्यवसाय न्यायाधिकरणाने त्यांची नोंदणी बारा महिने निलंबित केली. नाव कायमचे कमी करावे ही कौन्सिलाची मागणी त्याने मान्य केली नाही. त्या एका दिवसापूर्वी व त्यानंतरही दोषसिद्धी होईपर्यंत त्यांचे काम चोख होते. उणिवा त्यांनी भरून काढल्या आहेत. पुन्हा असे घडण्याचा संभव अल्प आहे. आणि त्या दिवशी इतरांच्या व यंत्रणेच्याही चुका घडल्या होत्या, ही त्याची कारणमीमांसा होती. २०१५ पासून कौन्सिलास स्वतःच्याच न्यायाधिकरणाविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळालेला होता. तो तिने वापरला. २५ जानेवारी २०१८ रोजी डिव्हिजनल कोर्टाने, न्या. ग्रॉस व न्या. औसली यांच्या पीठाने, निलंबन रद्द करून नाव कमी केले.

न्या. औसली यांच्या निकालपत्रातील तर्क नीट तपासण्याजोगा आहे, कारण तो वाचताना बिनतोड वाटतो. त्यांचे म्हणणे असे : यंत्रणेतील दोष ज्यूरीपुढे होते. ते ऐकूनही ज्यूरीने या डॉक्टराचे वैयक्तिक अपयश खरोखर असामान्य कोटीतले होते असा निर्णय दिला. ती चूक क्षणिक नव्हती, दिवसभर चाललेली होती. मग न्यायाधिकरणाने तेच दोष पुन्हा पुढे करून अपराधाची तीव्रता कमी लेखणे म्हणजे ज्यूरीच्या निर्णयामागे मागच्या दाराने जाणे होय. त्यामुळे व्यवसायावरील लोकविश्वास राखण्यासाठी नाव कमी करणे हाच एक मार्ग उरतो.

या युक्तिवादातील सांधा निखळतो तो कोठे? ज्यूरीस जो प्रश्न विचारलेला असतो त्याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते. निष्काळजीपणाने विशिष्ट मर्यादा ओलांडली काय, एवढेच ती सांगते. मर्यादा ओलांडणाऱ्यांपैकी हा मनुष्य कोठे उभा आहे, उंबरठ्याशी की पार आतल्या दालनात, हे तिला विचारलेले नसते आणि ती सांगतही नाही. ते काम शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायाधीशाचे, आणि त्याने तर शिक्षा स्थगित केली होती. यंत्रणेचे दोष ज्यूरीने ऐकले होते हे खरे. पण ते ऐकूनही मर्यादा ओलांडली गेली एवढाच त्याचा अर्थ, त्या दोषांना काहीच वजन नव्हते असा नव्हे. ज्यूरीने एका कारणासाठी अपुरे मानलेले तथ्य दुसऱ्या कारणासाठी पुरेसे ठरू शकते. औसली यांनी ज्यूरीच्या मौनास उत्तराचे रूप दिले. शिवाय कौन्सिलापुढील मूळ प्रश्न वर्तमानकाळी असतो. १९८३ च्या वैद्यक कायद्यानुसार डॉक्टराची व्यवसायक्षमता आज बाधित आहे काय, हे पाहावयाचे असते. २०११ मधील एका दिवसाबद्दल २०१५ मध्ये दिलेल्या निर्णयाने २०१७ मधील डॉक्टराचे पूर्ण वर्णन होते असे मानणे, हे तर्कापेक्षा सोयीचे अधिक आहे.

१३ ऑगस्ट २०१८ रोजी कोर्ट ऑफ अपीलने, लॉर्ड चीफ जस्टिस बर्नेट, मास्टर ऑफ द रोल्स एदरटन आणि न्या. रॅफर्टी यांच्या पीठाने, न्यायाधिकरणाचे निलंबन पुन्हा प्रस्थापित केले. ज्यूरीचे काम व न्यायाधिकरणाचे काम मूलतः भिन्न आहे, आणि गंभीर दोषसिद्धी झाली म्हणून नाव कमी करण्याच्या बाजूने आपोआप झुकते माप पडत नाही, या दोन गोष्टी त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितल्या. वैद्यक मंडळींनी या निकालाचे जे स्वागत केले ते समजण्यासारखे आहे. परंतु निकाल इष्ट आला म्हणून त्याची कारणमीमांसा पुरेशी ठरत नाही. या पीठाचा मुख्य आधार असा की, शिक्षेची निवड ही मूल्यमापनाची बाब आहे, ती तज्ज्ञ मंडळाने केलेली आहे, आणि तत्त्वाची चूक दिसल्यावाचून न्यायालयाने त्यात हात घालू नये. ठीक आहे. पण मग त्याच न्यायाधिकरणाने जून २०१७ मध्ये नाव कमी केले असते तर? याच तर्काने तेही अबाधित राहिले असते. म्हणजे दोषसिद्धी काय सिद्ध करते आणि काय करीत नाही, या प्रश्नाचे जे अर्धे उत्तर पहिल्या परिच्छेदांत मिळाले, ते शेवटी तज्ज्ञांच्या मताच्या आडोशाला ठेवून देण्यात आले. पुढच्या डॉक्टराचे भवितव्य त्याच्या वाट्यास कोणते तीन सदस्य येतात यावर बरेचसे अवलंबून राहील.

लोकविश्वास या संज्ञेविषयीही असेच म्हणावे लागेल. औसली यांनी तिच्या नावाने नाव कमी केले, कोर्ट ऑफ अपीलने तिच्या नावाने ते परत दिले. ही संज्ञा मुळात कोठून आली हे पाहिले की तिची लवचिकता ध्यानात येते. १९९३ मध्ये सर थॉमस बिंगहॅम यांनी बोल्टन प्रकरणात वकिलाच्या शिस्तीसंबंधी असा सिद्धान्त मांडला की, व्यवसायाची सामूहिक प्रतिष्ठा ही व्यक्तीच्या दैवगतीपेक्षा मोठी आहे. तो खटला पक्षकाराचा पैसा गैरमार्गाने वापरल्याचा होता. ज्याच्या हाती परक्याची ठेव आहे त्याच्या सचोटीविषयी जे बोलले गेले, ते जसेच्या तसे ज्याच्या हाती आजारी मूल आहे त्याच्या निर्णयशक्तीस लावण्यात आले. २००५ मध्ये फ्लाइशमन प्रकरणात, अश्लील बालचित्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या दंतवैद्यास वर्षभराच्या निलंबनावर सोडून देण्यात आले होते, तेव्हा उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करून त्याचे नाव कमी केले आणि फौजदारी शिक्षेची मुदत संपेपर्यंत व्यवसायाची मोकळीक सहसा देऊ नये असे सांगितले. हेही रास्तच होते. त्या गुन्ह्यात माणसाचा हेतू आणि प्रवृत्ती उघडी पडते. निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात हेतूच नसतो. लबाडी करणाऱ्या वकिलाविषयी लोकांस वाटणारी शंका आणि थकून चुकलेल्या डॉक्टराविषयी वाटणारी भीती यांस एकाच मापाने मोजणे, ही या निकालपरंपरेतील सर्वांत दुर्लक्षित त्रुटी आहे.

मुलाच्या मातापित्यांचे दुःख व रोष यांस या सर्व चर्चेत जागा कोठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि लोकविश्वास म्हणजे केवळ माहितगारांचा विश्वास असे म्हणून तो झटकता येणार नाही. परंतु त्यांना न्याय देण्याचे स्थान फौजदारी न्यायालय होते व ते त्यांना लाभले. नोंदवही ही उद्याच्या रुग्णांसाठी असते. डॉक्टरांमध्ये पसरलेल्या एका समजाचाही येथे उल्लेख करावयास हवा. शिकाऊ डॉक्टर आपल्या चुकांविषयी जी आत्मपरीक्षणाची टिपणे ठेवतात, ती बावा-गार्बा यांच्याविरुद्ध वापरली गेली असे सर्वत्र बोलले गेले. वस्तुतः ती टिपणे ज्यूरीपुढील पुराव्याचा भाग नव्हती. पण समज खोटा असला तरी त्यातून निर्माण झालेली भीती खरी होती, आणि भ्यालेले डॉक्टर चुका लिहून ठेवीत नाहीत. जून २०१८ च्या विल्यम्स समितीच्या अहवालाने कौन्सिलाचा अपिलाचा हक्क काढून घ्यावा अशी शिफारस केली, तीमागे हीच जाणीव आहे. एप्रिल २०१९ मध्ये डॉ. बावा-गार्बा यांना अटींसह व्यवसायात परतण्याची मुभा मिळाली.

या ठिकाणी बहुतेक लेखक थांबतात. पण त्याच खटल्यात, त्याच ज्यूरीने, त्याच गुन्ह्याबद्दल एका परिचारिकेसही दोषी ठरविले होते. तिला तीच, दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. परिचारिका कौन्सिलाच्या समितीने २०१६ मध्ये, म्हणजे डॉक्टरासंबंधी पहिला निर्णय होण्याच्याही आधी, तिचे नाव नोंदवहीतून कमी केले. डॉक्टराच्या कायदेशीर खर्चासाठी व्यवसायबंधूंनी तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली. परिचारिकेसाठी अशी चळवळ झाली नाही, आणि तिच्या नावाने विधिविद्यार्थी कोणताही सिद्धान्त शिकत नाहीत. समितीचा निर्णय तिच्यापुढील पुराव्यावर बरोबरही असेल; त्याविषयी येथे वाद नाही. वाद सिद्धान्ताविषयी आहे. त्या दिवशी यंत्रणा कोलमडली होती, हे तथ्य डॉक्टरापुरते खरे आणि परिचारिकेपुरते खोटे असू शकत नाही. कोर्ट ऑफ अपीलने सांगितलेला भेद, म्हणजे दोषसिद्धी वेगळी आणि तिचा व्यावसायिक परिणाम वेगळा, हा जर तत्त्व म्हणून मान्य असेल तर तो दोघींनाही लागू व्हावयास हवा होता. अपिलाचा खर्च, वकिलांची फळी, वृत्तपत्रांतील पत्रे यांच्या बळावरच दोषसिद्धीचे बारकाईने वाचन होत असेल, तर तो न्याय नसून प्रतिष्ठेचा लाभ आहे.

आपल्याकडील कायद्याची रचना निराळी आहे, म्हणून ही चर्चा परकी वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल अधिनियम, १९६५ च्या कलम २२ मध्ये गैरवर्तनाचे पहिले कारण म्हणून दोषसिद्धी घातलेली आहे, पण गुन्हा दखलपात्र असावा आणि त्यात नैतिक अधःपतन असावे अशी दुहेरी चाळणी तिला लावलेली आहे. निंद्य वर्तन हे स्वतंत्र कारण पुढे आहेच. नैतिक अधःपतन म्हणजे काय याची व्याख्या अधिनियमात नाही. १९९६ मध्ये पवनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुळातच हीन, नीच किंवा भ्रष्ट स्वरूपाचे वर्तन असा तिचा अर्थ सांगितला. या अर्थाने पाहता निष्काळजीपणामुळे घडलेला मृत्यू या चाळणीतून सहसा खाली पडणार नाही. म्हणजे बोल्टन व बावा-गार्बा या दोन प्रकरणांतील जो भेद इंग्लंडच्या न्यायालयांनी नीट केला नाही, तो आपल्या १९६५ च्या शब्दयोजनेत बीजरूपाने आहे. ही गोष्ट अभिमानाची खरीच. मात्र हे बीज आपल्या कौन्सिलांनी कारणे देणाऱ्या निर्णयांतून वाढविले आहे, असे म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकास गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे कलम २३ आहे. न्यायालयाने आरोप निश्चित करताच निलंबनासाठी नाव राज्य कौन्सिलाकडे जाते. दोषसिद्धी झाल्यास पहिल्या गुन्ह्यास पाच वर्षे व पुढील गुन्ह्यास कायमचे नाव कमी होते. येथे कौन्सिलाने वाचावयाचे काही ठेवलेलेच नाही. हा कठोरपणा का आला हे महाराष्ट्रातील वाचकास सांगण्याची गरज नाही. ज्या प्रदेशात मुलींची संख्या इतकी घसरली तेथे व्यवसायाच्या स्वयंशासनावर विसंबणे विधिमंडळास परवडणारे नव्हते. पण याच कायद्यात अभिलेख ठेवण्यातील उणीव ही, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, मूळ निषिद्ध कृत्यासारखीच मानली जाते, आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. परिणामी नमुना अपुरा भरणारा आणि मुलीचा गर्भ हेरून देणारा या दोघांच्या दोषसिद्धीस नोंदवहीत एकच मोल येऊ शकते. शिपमनच्या वेळी कौन्सिलाने हकीकत वाचण्याची तसदी घेतली नाही; येथे तिला ती वाचण्याची मुभाच नाही.

निष्काळजीपणाच्या गुन्ह्याकडे पुन्हा येऊ. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरास फौजदारी जबाबदार धरण्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत वरच्या दर्जाचा असला पाहिजे असे सांगितले, आणि स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्यावाचून पोलिसांनी पुढे जाऊ नये असा दंडक घातला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने यापुढचे पाऊल टाकले. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची शिक्षा सर्वसामान्यांसाठी दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून तसे घडल्यास मात्र कमाल मर्यादा दोन वर्षेच राहिली. या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता व नोंदणी यांवरून केलेली आहे. ती शब्दशः वाचली तर परिचारिका तीत येत नाही. आयुर्वेदाचा वा होमिओपॅथीचा चिकित्सक येत नाही, दंतवैद्यही येत नाही.

म्हणजे एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकाच रुग्णाच्या मृत्यूबद्दल डॉक्टर आणि परिचारिका दोघेही दोषी ठरले, तर एकास कमाल दोन वर्षांची व दुसरीस कमाल पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. लेस्टरच्या खटल्यात शिक्षा तरी समान होती, फरक पडला तो पुढे, नोंदवहीपाशी. येथे तो न्यायालयातच पडेल, आणि मग ती दोन निकालपत्रे दोन वेगवेगळ्या कौन्सिलांच्या टेबलांवर जातील. परिचारिका कौन्सिलाच्या सदस्यांनी समोरील निकालपत्रात प्रथम शिक्षेची मुदत पाहिली, तर तिचा अपराध डॉक्टराच्या अपराधाहून कितीतरी मोठा होता असेच त्यांना दिसेल. ती मुदत कृत्यावरून नव्हे तर करणाऱ्याच्या पदवीवरून ठरलेली आहे, हे त्या निकालपत्रात कोठेही लिहिलेले नसेल. ते त्यांना कलम १०६ च्या स्पष्टीकरणातून शोधून काढावे लागेल, आणि नंतर त्या रात्री वॉर्डात किती रुग्ण होते, डॉक्टर कोठे होता, औषधाची सूचना लिहिलेली होती की तोंडी होती, हे मूळ साक्षीपुराव्यात वाचावे लागेल.